आठही दिवे लागले, भाऊ!

यवतमाळ,
वैशाखातली एक दुपार, कूलर चालू

श्री. वायरवाले भाऊ यांस,



पत्रास कारण की, आपण आमच्याकडे टाकलेली इंटरनेटची वायर अजून तुटलेली नाही. तुटली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. तुटलेली वायर प्रामाणिक असते. ती पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल करते, माणूस दुसरी टाकतो, विषय संपतो. आपली वायर त्या घराण्यातली नाही. ती सकाळी चालते, मध्यरात्री चालते आणि दुपारी साडेबाराला, पुण्याचे साहेब मीटिंगमध्ये ‘सगळ्यांना ऐकू येतंय ना?’ असं विचारतात, नेमक्या त्या क्षणी मान टाकते.

आपलं नाव मुद्दामच लिहीत नाही. आपल्यासारखे कलावंत दारव्ह्यात आहेत, दिग्रसला आहेत, पुसदला, वणीला आहेत. पत्र वाचून त्यातल्या प्रत्येकाला ‘हे आपल्यालाच’ असं वाटलं, तर माझा टपालखर्च वाचेल.

आठवून पाहा. दुर्गेचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते, गल्लीतला मंडप अर्धा उतरला होता आणि मंडपवाल्याचीच शिडी मागून आपण आमच्या भिंतीवर चढलात. राउटर खाली बैठकीत, माझी कामाची खोली वर, मध्ये स्लॅब. वाय-फाय त्या स्लॅबपुढे हात टेकतं, म्हणून ही तीस मीटर वायर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो तो इथंच राहिलो. कंपनीचे हिशेब वरच्या खोलीतून बघतो. थोडक्यात, त्या तीस मीटरवर आमची चूल पेटते.

खर्रा एका गालात सारून आपण कामाला लागलात. वायरचं साल दातानं सोललंत. आतल्या आठ रंगीत तारांचा पीळ चांगला दोन इंच उलगडलात, तारा बोटांनी सरळ केल्यात, प्लगात सारल्यात आणि क्रिंपर दाबलात. कट्. खालचं टोक, वरचं टोक, सगळं मिळून पंचेचाळीस मिनिटं. भिंतीवर कूलरच्या वायरीला क्लिपा मारलेल्याच होत्या, त्यांतच ही निळी वायर कोंबलीत आणि म्हणालात, “एका लाइनीत बरं दिसते भाऊ.” सौंदर्यदृष्टी आपल्यात पहिल्यापासूनच आहे. ती प्लगाच्या आतही होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्यावर पुढं येतो.

मग आपण खिशातून टेस्टर काढलात. दोन छोट्या डब्या, एक खालच्या टोकाला, एक वरच्या. एक, दोन, तीन करत हिरवे दिवे आठपर्यंत पळाले. खालच्या डबीवर जो लागेल तोच वरच्या डबीवर. आपण विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलंत. “आठही लाइट लागले ना भाऊ? मंग झालं!” आईनं त्या दिव्यांना हात जोडायचे तेवढे राहिले. मी पैसे दिले. घासाघीससुद्धा केली नाही. आठही दिवे लागल्यावर कसली घासाघीस?

हिवाळा छान गेला, हे मान्य करतो. होळी झाली, गुढीपाडवा झाला, आणि नेहमीप्रमाणे कूलर झाकणातून बाहेर निघाला, त्याच्या ताट्या बदलल्या, टुल्लू घरघरायला लागला. त्याच आठवड्यात माझं इंटरनेट बिघडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या तर नाहीच नाही.

लॅपटॉपवर जोडणीचा वेग बघायची सोय असते. राउटर आणि लॅपटॉप, दोघांच्याही कागदावर १००० लिहिलेलं. प्रत्यक्षात कधी १०० दिसायचं, कधी चक्क १०, आणि मध्येच ‘केबल जोडलेली नाही’. संथपणाचं आम्हा यवतमाळकरांना वावडं नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे ११३ किलोमीटर आमच्या आधीच्या पिढ्यांनी शकुंतला रेल्वेतून काढलेत, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून. १९९४ पर्यंत तर तिला वाफेचंच इंजिन होतं. पण शकुंतला निदान दोन गावांच्या मध्ये रेंगाळायची. आमची गाडी बैठकीतून निघून जिन्यातच बंद पडत होती.

मी आपल्याला फोन केला. आपण आलात, तीच डबी काढलीत, तेच दिवे पळवलेत. “बंदे लाइट ओके आहे. वायरमध्ये काईच प्रॉब्लेम नाई. राउटर गरम होऊन रायला तुमचा.” पारा ४४ वर होता, त्या दिवसांत यवतमाळात गरम होत नसलेली वस्तू मला दाखवा. तरी मी नवा राउटर आणला. दुपार झाली, मान पडली. पुन्हा फोन. “मंग कंपनीचंच नेट खराब असन.” कंपनीकडं तक्रार केली. त्यांनी तिकडून बघितलं, म्हणाले तुमच्या घरापर्यंत सगळं व्यवस्थित आहे. तिसऱ्या फोनला आपण लॅपटॉपवर संशय घेतलात. चौथा आपण उचलला नाहीत. संशयितांची यादी संपली असावी.

जे काम आपण पहिल्या फेरीत पाच मिनिटांत करायला हवं होतं, ते मग मीच केलं. लॅपटॉप उचलला, खाली आलो, नव्या राउटरच्या डब्यात आलेली हातभर वायर मधे लावली. भर दुपारी, कूलरच्या पुढ्यात, वेग १०००. एकदाही हलला नाही. म्हणजे कंपनी निर्दोष, राउटर निर्दोष, लॅपटॉप निर्दोष. तो जुना राउटरही निर्दोष होता, पण त्याला तोवर माळ्यावर काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. कोर्टात उरली फक्त आपली निळी वायर, आणि तिच्या बाजूनं आठ हिरवे साक्षीदार.

खटला फिरवला तो आईनं. दुपारची लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर, लॅपटॉप आणि एक पंखा चालतो. कूलर त्याला झेपत नाही. मी वर घामानं निथळत होतो, पण मीटिंग लोण्यासारखी चालली होती. लाइट आली, कूलर सुरू झाला, आणि साहेबांचं तोंड अर्ध्या वाक्यात उघडं राहिलं. खालून आई म्हणाली, “काहून रे, लाइट गेली की तुह्यं कॉम्प्युटर बरं चालते?”

भाऊ, आपण चार फोन आणि दोन फेऱ्यांत जे पाहिलं नाहीत, ते एका बाईनं गहू निवडता निवडता पाहिलं. तिच्याकडं टेस्टर नव्हता, हाच तिचा फायदा.

मग आम्ही मायलेकांनी प्रयोग मांडला. पिंग म्हणून एक प्रकार असतो. लॅपटॉपनं राउटरला हाक मारायची, राउटरनं ‘ओ’ द्यायची, आणि किती हाकांना ओ आली ते मोजायचं. हाक घरातल्या घरात असल्यामुळं कंपनीचा त्यात संबंधच येत नाही. मी वरून ओरडलो, “आई, बंद कर!” शंभर हाका, शंभर ओ. “आई, लाव!” शंभर हाका, सत्त्याहत्तर ओ. तेवीस हाका कूलरनं गिळल्या. पुन्हा बंद, पुन्हा शंभर. पुन्हा लाव, पुन्हा गळती. चौथ्या ‘लाव’ला शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, कूलर बिघडला काय म्हणून. त्यांना काय सांगणार, की कूलर आमचा साक्षीदार आहे?

आता आपल्यावरचा एक आरोप मी जाहीरपणे मागे घेतो. माझा पहिला संशय मालावर होता. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास खपते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं, शिवाय ठिसूळ, दोनदा वाकवलं की मोडतं. मी वायरचा वीतभर तुकडा कापला, एक तार ब्लेडनं खरवडली. आतून पांढरी निघेल असं वाटलं होतं. निघाली लाल, आरपार लाल. वायर आपण अस्सल तांब्याची दिलीत, भाऊ. एक तार तुटलेली नाही, एक तार खोटी नाही. एवढा चांगला माल वाया घालवायला खरंच कौशल्य लागतं.

मग मी प्लग खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याला लावला, आणि आपली कलाकृती पहिल्यांदा जवळून पाहिली. पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा, हिरवा. पांढरा-निळा, निळा. पांढरा-तपकिरी, तपकिरी. काय ती शिस्त! प्रत्येक रंग आपल्या पांढऱ्या सोबतिणीच्या शेजारी, दोन्ही टोकांना अगदी तसाच. शाळेच्या चित्रकलेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

फक्त या वायरींची, म्हणजे इथरनेटची शाळा वेगळी आहे. तिथं ओळ अशी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून निळ्याच्या दोन्ही बाजूंना बसवायची, म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या जागी. दिसायला हे ओबडधोबड आहे, कबूल. पण त्याला कारण आहे. टेलिफोनची जोडी प्लगच्या मधल्या दोन खाचांत बसायची. ती जागा तिच्यासाठी सोडून दुसऱ्या जोडीला तिच्या भोवतीनं बसावं लागलं. घरात थोरला आधीच मधे बसलेला असला की धाकट्यांनी कडेनं जागा करायची, तशातलंच हे.

आणि जोडी का जपायची, हे सांगायला मला लाज वाटते, कारण आपण दोघं कापसाच्या जिल्ह्यातले. पेळूला पीळ पडला की त्याचं सूत होतं, एरवी फुंकरीनं उडून जाईल, हे आपल्याकडं शाळेतल्या टकळीवर शिकवत. वायरच्या आतही तोच पीळ आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ साली दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट घेतलं. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफनं इथरनेटची कल्पना कागदावर मांडली, तेव्हा वायर वेगळी, जाडजूड होती. पण १९९० पर्यंत इथरनेटही बेलच्या पिळाकडंच आलं. १९९९ पासून या चार पिळांतून १००० चा वेग धावतो, चारही जोड्या कामाला लावून. प्रत्येक जोडीचा पीळ कमी-जास्त घट्ट असतो, एकीचं बोलणं दुसरीत झिरपू नये म्हणून. ज्या पिळासाठी एवढी माणसं झटली, तो आपण चांगला दोन इंच उलगडलात.

पिळाचं काम समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, जुना तराजू आठवला तरी पुरे. जोडीतल्या दोन तारा एकच निरोप उलटसुलट नेतात: एकीवर दाब चढला की दुसरीवर तेवढाच उतरतो. पलीकडचं यंत्र एकेका तारेकडं बघतच नाही, दोघींमधला फरक बघतं, काटा पारड्यांमधला फरक दाखवतो तसा. दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ बसली, तर काटा जागचा हलत नाही. कूलरची मोटर म्हणजे ती धूळ. पीळ असल्यामुळं दोन्ही तारा आळीपाळीनं मोटरच्या वायरीजवळ जातात आणि लांब येतात, धूळ दोघींवर सारखी बसते आणि वजाबाकीत निघून जाते. आपण मात्र एक पारडं हिरव्या तराजूचं, दुसरं निळ्या तराजूचं घेऊन एक काटा उभा केलात, आणि तो कूलरच्या वायरीला चिकटवून ठेवलात. हिवाळ्यात धूळ नव्हती, तोवर काटा कसाबसा खरं बोलला. उन्हाळ्यात तो भलतंच बोलायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपण सुंभाला धक्का न लावता पीळ घालवून दाखवलात.

आता आपल्या टेस्टरविषयी. तो खोटारडा नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. त्याला विचारलं काय होतं? पहिली तार पहिलीला मिळते का, दुसरी दुसरीला मिळते का. तो म्हणाला, मिळते. आठ वेळा विचारलं, आठ वेळा खरं सांगितलं. कोणती कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला ते कळत नाही. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाडी गेली की यंत्र ओलावा मोजतं. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. उद्या तिथं आपल्याला बसवलं, तर आपण गाडीत डोकावून म्हणाल, “कापूस आहे ना भाऊ? मंग झालं!”

हा आजार एकट्या आपल्याला झालेला नाही, हे मी विसरलेलो नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं कोरडी पडली, तेव्हा या शहरातले नळ होते तिथंच होते. पाइप जागेवर, तोट्या जागेवर. कोणी टेस्टर लावला असता तर आठही दिवे लागले असते. फक्त घागरी रिकाम्या होत्या. ‘आहे’ आणि ‘चालते’ यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्यात आपला सगळा धंदा, आणि बऱ्याच मोठ्या लोकांचाही, वर्षानुवर्षं उभा आहे. आपण निदान तीस मीटरवर थांबलात.

शेवटी दोन्ही टोकं मीच कापली. क्रिंपर आणला, प्लगांची पुडी आणली. पहिले चार प्लग वाया गेले. पन्नाशीच्या डोळ्यांना ट्यूबलाइटखाली पांढरा-नारिंगी आणि पांढरा-तपकिरी सख्ख्या जावांसारखे दिसतात, हे मी आपल्या बाजूनं नोंदवतो. खिडकीच्या उजेडात मग जमलं. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडला नाही. वरचं निळं साल प्लगच्या आत, त्या छोट्या दातरीखाली घेतलं, म्हणजे ओढ बसली तर सालावर बसावी, तारांवर नको. आपण ते बाहेरच ठेवलं होतं, मान उघडी टाकलेल्या लेकरासारखं. प्लग समोरून धरला, आठ तांबडे ठिपके एका रेषेत चमकले, तेव्हाच दाबला. मग वायर कूलरच्या क्लिपांमधून सोडवून चांगली वीतभर लांब नेली. एका लाइनीत दिसत नाही आता. बरीच कुरूप दिसते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सगळं झाल्यावर मीही टेस्टर विकत आणला, आपल्यासारखाच, दोन डब्यांचा. लावला. एक, दोन, तीन करत आठही हिरवे दिवे पळाले आणि छाती अशी भरून आली म्हणून सांगू! तोंडातून निघूनच गेलं, “झालं!” त्या क्षणी आपण मला जेवढे कळलात, तेवढे चार फोनवर कळला नव्हतात. दिवा लागला की माणसाला घरी जावंसं वाटतं.

मी घरीच असल्यामुळं जाता आलं नाही. खाली ओरडलो, “आई, लाव!” कूलर घरघरला. शंभर हाका मारल्या, शंभर ओ आल्या. वेग १०००. वैशाखातली दुपार, आणि साहेब अख्खं वाक्य बोलले. काय बोलले ते आठवत नाही. काही महत्त्वाचं नसावं.

आपण पुढच्या घरी जाल तेव्हा एवढंच करा. दिवे बघून झाले की निघू नका. घरातला कूलर, पंप, मिक्सर, जे काय घरघरत असेल ते लावायला सांगा, आणि लॅपटॉपवर दोन मिनिटं हाका मारून बघा. तेवढ्यात आपला खर्राही घोटून होईल.

कळावे, लोभ असावा. वायरीवर नसला तरी चालेल.

आपला,
वरच्या खोलीतला

सोबत: आपण लावलेले प्लग, नग दोन, रंगांची शिस्त जशीच्या तशी ठेवून.

ता. क. आईचा निरोप आहे. कूलरची मोटर अलीकडं फार आवाज करते, एकदा येऊन बघून जा म्हणते. चहा ठेवीन म्हणाली. फक्त टेस्टर घरी ठेवून या, असंही म्हणाली.